'नॉर्मल' लिहिलेला कागद

कान तपासणाऱ्या बाईंना दवाखान्यात सगळे पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि त्या दिवशी तोफ सकाळपासूनच धडाडत होती. बाईंच्या टेबलावर एक आडवी फळी असायची. काचेपलीकडच्या बंद खोलीत बसलेल्या मुलाला बाईंचा बटण दाबणारा हात दिसू नये, एवढंच तिचं काम. फळीची बिजागरी तुटली, सुतार ती घेऊन गेला, त्याला सहा आठवडे झाले. बाईंनी तीन अर्ज दिले. "एवढ्याशा फळीसाठी किती डोकं खाता?" असं कारकून म्हणाला, तेव्हा बाईंनी त्याला असा झापला की तो चहा अर्धा टाकून पळाला. फळी मात्र आली नाही.

अकराला भिंगरी आली. वय सहा, पाय जागेवर ठरत नाहीत म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव. वाहणाऱ्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे. सोबत आई, शिवणकामाच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली.

"थेंब किती दिवस घालताय?" बाईंनी विचारलं.

"महिना झाला."

"महिना? अहो, पोरीच्या दोन्ही कानांच्या पडद्यांना भोकं आहेत! हे औषध भोकातून आत गेलं की ऐकण्यावरच उठतं. आठवडाभर घालायचं, मग तपासायचं, असं सांगितलं होतं ना?"

"तपासलं की. तुम्हीच तपासलं, तीन आठवड्यांपूर्वी. तुमचा कागद बघूनच डॉक्टरांनी थेंब वाढवले."

बाईंनी फाईल उघडली. खरंच होतं. 'नॉर्मल', आणि खाली आपलीच सही. ठीक आहे, पण त्यानंतर पुन्हा तपासायला नको? एकदा कागद पाहिला की डॉक्टरांचं काम संपलं? मनातल्या मनात डॉक्टरांना चार शब्द सुनावत त्यांनी भिंगरीला आत बसवलं, बोळे काढून कानांवर हेडफोन चढवले. "आवाज आला की बोट वर करायचं हं."

भिंगरी झकास बोट वर करत होती. एकही सूर चुकला नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग नाकावरून घसरलेला चष्मा सारायला त्यांनी हात उचलला.

भिंगरीनं बोट वर केलं.

बाईंनी बटण दाबलंच नव्हतं. त्यांनी पुन्हा नुसता हात हलवला. पुन्हा बोट वर, आणि वर शाबासकीची वाट बघणारं हसू.

त्या उठल्या, आत गेल्या आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. परत येऊन त्यांनी बटण दाबलं. मग आवाज वाढवला, आणखी वाढवला. जाड सूर मोठे केल्यावर कसेबसे पोचले, बारीक सुरांना बोट हललंच नाही. कानामागच्या हाडावर यंत्र लावून पाहिलं, तिथंही तेच. म्हणजे नुसता पू साठल्याचा हा दोष नव्हता, आतलाच कान दुखावला होता. भोकं पडलेल्या कानांना लख्ख ऐकू येतं, याचं मागच्या वेळी नवलसुद्धा वाटू नये? सुतार, कारकून, डॉक्टर, सगळ्यांवर तोंड टाकून झालं. खुर्ची फिरवायला कोणाचा अर्ज लागत होता? बाईंना स्वतःचीच इतकी चीड आली की हातातलं पेन त्यांनी टेबलावर आपटलं.

डॉक्टरांनी नवा कागद वाचला आणि थेंब तिथल्या तिथे बंद केले. "गेलेलं थोडं परत येईलही, सांगता येत नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तो जुना रिपोर्ट फाईलमधून काढून टाका. उगाच कटकट नको."

"काढणार नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर 'चुकीचा' असं लिहून सही केलीय मी. आता बाहेर जाऊन सांगते." डॉक्टर काहीतरी बोलत होते, ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

बाकावर आई आणि भिंगरी बसल्या होत्या. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. फळी, हात, बोट, सही. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग ती उभी राहिली.

"तीन आठवडे हाक मारली की ही बघायची नाही. मला वाटलं, माज करतेय. कागदावर नॉर्मल होतं ना! मारलंय मी तिला, मॅडम. परवा तर उलथन्यानं मारलं."

"माझी चूक झाली," त्या पुटपुटल्या. "तिची काही चूक नव्हती."

"मला काय सांगता? तिला सांगा."

बाई भिंगरीसमोर खाली बसल्या. "बाळा, तुझी चूक नव्हती," त्या म्हणाल्या. भिंगरी नुसती बघत राहिली.

"मोठ्यानं सांगा," आई म्हणाली. "तिला ऐकू येत नाही."