गोजरमावशीची पाठ

शहापुरात भावेश सरांच्या क्लिनिकमध्ये मी आठ महिने काम केलं. मी शिकलेली फिजिओथेरपिस्ट. सरांनी झटका देऊन मान-पाठ मोकळी करण्याचा चार दिवसांचा कोर्स केलेला. पण क्लिनिक त्यांचं, आणि गर्दीही त्यांच्याच नावावर.

मणक्याला असा झटका देण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः देते. आधी नीट तपासायचं, मग नेमक्या जागी छोटा, झटपट दाब. अडकलेली पाठ खरंच सुटते. आवाज होतो तो सांध्यातल्या हवेचा. झाला काय, न झाला काय, गुणाशी त्याचा संबंध नाही. सरांना मात्र आवाजच हवा असायचा. पेशंटच्या पाठीवर ते चिकटपट्टीने माइक लावत आणि नेटवर टाकायला व्हिडिओ काढत. दिवसभर तीच पट्टी. दुपारपर्यंत तिला पाच-सहा जणांचे केस, तेल, मळ चिकटलेला असे. ती सोलून पुढच्या पाठीवर लावायचं काम माझं. जेवताना सर हेडफोनचं एक टोक माझ्या कानात देत. ओली फांदी मोडावी तसा कडाड आवाज, मागून माणसाचं कण्हणं, आणि समोर सरांच्या तोंडात भात. मी डबा झाकून ठेवायचे.

फेब्रुवारीत तानसाकडच्या एका पाड्यावरून गोजरमावशी आली. साठीची असेल. सोबत मुलगा साईनाथ, टेम्पो चालवणारा.

"कधीपासून दुखतं, मावशी?"

"भात झोडला तवापासना. आता निजलं तरी दुखतं गो. सांच्याला अंग तापतं. लुगडं बघ ना, कंबरेला येक येढा जास्ती बसतो."

पाठीवरून बोट फिरवलं तर मधोमध एक उंचवटा लागला. त्यावर हलकंच ठोकलं, तशी ती कळवळली. मी सरांना बाजूला घेतलं.

"मणक्याचा टीबी असू शकतो. हाड पोखरलेलं असेल तर झटक्याने खचेल, पाय जातील. आधी एक्स-रे काढू."

"काढू ना," सर म्हणाले. "आधी एक हलकासा देतो. अशा म्हातारीचा व्हिडिओ चालतो."

मी नाही म्हटलं आणि चिठ्ठी लिहायला बाहेरच्या टेबलाशी गेले. परत आले तेव्हा मावशी टेबलावर पालथी होती. पोलकं खांद्यापर्यंत सरकवलेलं, पाठीवर माइक. सरांनी आपला मोबाइल साईनाथच्या हातात दिला होता आणि तो आईच्या उघड्या पाठीवर रोखून उभा होता. सरांचे दोन्ही तळवे त्या उंचवट्यावर.

मी त्या तळव्यांखाली माझा हात घातला.

"हात काढ," सर दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही काढणार."

"शूटिंग चालू आहे."

"असू दे. मावशीला रोज ताप येतो, अंग उतरलंय, तुम्ही तिला तपासलंसुद्धा नाही."

त्यांच्या तळव्यांचा घाम माझ्या हातावर उतरत होता. मी हात तिथेच ठेवला. शेवटी साईनाथने मोबाइल खाली ठेवला.

"आये, ऊठ."

त्याच संध्याकाळी मी काम सोडलं. मावशीला मी आणि साईनाथने सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून ठाण्याला पाठवलं. टीबीच निघाला. एक मणका अर्धा झिजला होता. गोळ्या सुरू झाल्या, पाठीला पट्टा आला.

आठवड्याने साईनाथचा फोन आला. "मॅडम, आईचा व्हिडिओ टाकलाय त्यानी."

मी बघितला. मावशीची पाठ, सरांचे तळवे. माझा हात येण्याआधीच चित्र कापलेलं. त्यावर कडाड आवाज जोडलेला, मागून कण्हणं. ते कण्हणं पुरुषाचं होतं. खाली लिहिलेलं, 'दहा वर्षांचं दुखणं एका झटक्यात गायब.' शेकडो लोक पत्ता विचारत होते.

आम्ही दोघं क्लिनिकमध्ये गेलो. बाहेर माणसं बसली होती. सर हसले. "नुकसान काय झालं तिचं?"

साईनाथ त्यांच्याशी बोललाच नाही. बसलेल्यांकडे वळून, मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत म्हणाला, "ही माझी आई. तिला मणक्याचा टीबी आहे. ह्यांनी तिला काय पण केलेलं नाय. आवाज दुसऱ्याचा लावलाय."

सरांनी व्हिडिओ काढून टाकला. दोघं-तिघं उठून गेले. बाकीचे खाली मान घालून आपला नंबर धरून बसले.

पावसाळा संपल्यावर पाड्यावर गेले. मावशी पट्टा लावून ओट्यावर बसली होती. ताप गेला होता, भाकरी जात होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं,

"त्या टायमाला पोलकं वर होतं ना गो माझं? सगळ्या गावानं बघितलं आसंल."

शेजारी बसलेला साईनाथ उठून घरामागे गेला.