डोळ्यांवरची साय

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. नेत्रमहाराजांनी एका शिंप्याच्या डोळ्यात पाण्याचे थेंब टाकले, अंगठ्याने पापणी दाबली आणि पांढरीशुभ्र साय ओढून काढली. शिंपी ओरडला, "दिसलं! सगळं लख्ख दिसलं!" लोक नाचायचेच काय ते बाकी होते.

महाराजांच्या मागे भिंतीवर पाटी होती: 'सवयीची साय दाटे डोळ्यांवरी, विवेका, ती दूर करी.' ही ओळ माझ्या वडिलांची. अप्पांनी हयातभर भोंदूंवर कोरडे ओढले, आणि ते गेल्यावर हा त्यांच्याच कवितेवर दुकान थाटून बसला!

त्याहून मोठा राग ताईपायी होता. तिला काचबिंदू. महाराजांनी साय काढली म्हणून तिने डॉक्टरांचे थेंब सोडले आणि उजवा डोळा घालवला. डावाही चालला होता. काही सांगायला जावं तर म्हणे, "अप्पांनीच लिहून ठेवलंय ना?"

म्हणून मी सूड घ्यायलाच समोर जाऊन बसलो.

"बाळा, डाव्या डोळ्यावर जन्माची साय आहे तुझ्या. दिसतं काही?"

"अजिबात नाही, महाराज."

"दिसेल! अहंकार गळाला की सूर्याच्या पलीकडचं दिसेल!"

थेंब पडले, अंगठा फिरला, साय निघाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता काय दिसतं?"

मी डोळा खोबणीतून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "तुम्हीच बघा. काचेचा आहे."

महाराज पळणार तोच शिंप्याने त्यांचं मनगट धरलं. नखाआड अंड्याच्या कवचाच्या आतले पापुद्रे निघाले, कापून वाळवलेले. पाण्याने मऊ होतात, पापणीला चिकटतात, ओढले की झाली साय! आणि एवढ्या गर्दीत 'मला नाही दिसलं' म्हणायची छाती कोणाची? पोलिसांनी त्याला नेलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

"मग अप्पांना काय म्हणायचं होतं रे?" ताईने विचारलं.

"ऐकलेलं खरं मानायची सवय लागली की समोरचं दिसेनासं होतं. ती साय दुसऱ्याला काढता येत नाही, ताई. आपणच विचारायचं, कशावरून?"

दवाखान्यात डॉक्टरांनी थेंबांची बाटली उघडली. ताईने त्यांचा हात अडवला.

"यानं डोळा वाचतो, कशावरून?"

डॉक्टर हसले नाहीत. पूर्वी थेंब घेत असतानाचा डोळ्याचा दाब आणि आजचा दाब, दोन्ही त्यांनी नीट समजावून सांगितले. मग कुठे तिने मान मागे टाकली.

उजवा डोळा काही परत येणार नाही. वाचकहो, तुमचे दोन्ही शाबूत आहेत तोवर विचारून घ्या.