वरच्या बटनाचं काजळ

"वरच्या बटनाले हात लावू नको, फुलसिंग. त्याच्यावर पुरावा हाये."

फुलसिंग वायरमननं पेचकस कानावर खोचला. "काकाजी, दिवा दुरुस्त करू का पंचनामा?"

सदाशिवराव हसले नाहीत. वणीच्या एका जिनिंगमध्ये ते काटेवाले होते. कापसाच्या गाड्यांत कोपरापर्यंत हात घालून ओल हुडकण्यात जन्म गेला. वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस त्यांच्या हातून कधी सुटला नाही, आणि कोरड्यावरही त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही.

जिन्याच्या दिव्याला दोन बटनं होती, एक खाली, एक माडीवर; कोणतंही दाबलं की दिवा लागायचा किंवा विझायचा. मुलगा राजूरच्या खाणीत पाळीवर असायचा, माडीवर सून गिरजा. महिनाभर झाला, त्यांची बायको रुखमाबाई जिना चढायला लागल्या की अधूनमधून दिवा विझायचा. सासू वर आलेली सुनेला खपत नाही, असा सदाशिवरावांनी हिशेब मांडला. मग त्यांनी कंदिलाचं काजळ तेलात कालवून वरच्या काळ्या बटनाला गुपचूप फासलं. सोमवारी संध्याकाळी दिवा गेला, रुखमाबाई पडल्या, पाय मोडला. गिरजाची बोटं काळी निघाली.

"मी दिवा लावून पाहत होती, मामाजी," ती सांगत राहिली. चोर काय दुसरं सांगणार? त्यांनी मारेगावला तिच्या बापाकडे निरोप धाडला, पोरीला घेऊन जा. आज बापाची बैलगाडी दारात उभी होती. फुलसिंगला बोलावलं होतं ते बटनात खोट नाही, हे त्या बापाला ऐकवायला.

फुलसिंगनं खालचं बटन खोललं आणि एक तार बोटानं हलवली. दिवा विझला, लागला, पुन्हा विझला.

"हे पाहा. पेच ढिला झाला. दोन्ही बटनं या तारेवर असली का दिवा आपल्या मनानं जाते. मंग वरून एकट्यानं कितीबी दाबा, लागत नाही. खालचं बी फिरवा लागते."

"म्हंजे तिनं..."

"विझल्यावर लावाले दाबलं असंन. अंधारात माणूस दुसरं काय करते?"

आपण चुकलो, हे सदाशिवरावांना कळलं. कबूल कसं करतात, ते माहीत नव्हतं. ते खोलीत गेले. रुखमाबाई खाटेवर होत्या, गिरजा त्यांच्या पायावरची पट्टी नीट करत होती.

"तारेची खोट होती," ते म्हणाले. "गाडी परत पाठवतो. रायजो, पोरी."

गिरजा पट्टीची गाठ मारत राहिली. रुखमाबाई बोलल्या.

"मी पायरीवर पडली होती. ही धावत आली, मले मांडीवर घेतलं. तुमी आले, अन् पयले हिचे बोटं पाह्यले."

सदाशिवरावांची नजर पुन्हा गिरजाच्या बोटांवर गेली.

"जाय बाई," रुखमाबाई सुनेला म्हणाल्या. "चार दिस बापाघरी राय. माही काळजी नोको करू. कोणी ना कोणी पाहीन."

गिरजानं सासूच्या पायाला कपाळ टेकवलं. दारात सासऱ्यांपुढेही ती वाकली, रीत होती म्हणून. त्यांनी आशीर्वादाला हात पुढे केला. तिनं मात्र दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, आणि गाडीत चढेपर्यंत बाहेर काढले नाहीत.