धवल्याखाली वाजलेली गिटार

मित्रांनो, माझ्या पोटावरची ही लांब चीर आधीच बघून घ्या, म्हणजे सारखं तिकडे लक्ष जाणार नाही! मी पनवेलजवळच्या बेलपाड्यातली एक जुनी गिटार. घडले कोलकात्याला, पण माहेर कुठलं म्हणाल तर बेलपाडाच सांगेन. धनेशने मला हौसेने आणलं आणि बोटं दुखायला लागली तसं कपाटावर टाकलं. अंगावरून पाली फिरायच्या. एक दिवस त्याच्या धाकट्या बहिणीने, प्राचीने, मला खाली काढलं, ओढणीने पुसलं आणि मांडीवर घेतलं. तान्ह्या बाळाला घेतात ना, मान सांभाळून, अगदी तसं.

प्राचीची भामाआत्या धवलारीण आहे. आगरी लग्नात धवला गाऊन देवांना, गावदेवीला, गेलेल्या वाडवडिलांना नावानिशी हाक मारायची आणि हळदीला बोलवायचं, हे तिचं काम. पण हल्ली डीजे सुरू झाला की आत्याचा आवाज कुणाच्या कानी पडत नसे. प्राचीला वाटलं, आपण साथ दिली तर पोरंटोरं थांबून ऐकतील. तिने मला जोशात छेडलं आणि दुसऱ्याच ओळीला आत्या अडखळली.

"अगो पोरी, थांबव तो डबा! माज्या देवांची नावं बुडतान त्यात."

डबा! मित्रांनो, फार लागलं हो मला. पण आत्याचं खोटं नव्हतं.

मग प्राचीने मोबाइलवर एक गाणं ऐकलं आणि ती ताडकन उठून बसली. पश्चिम आफ्रिकेतले जेली गात होते. जेली म्हणजे घराण्यांची नावं आणि पराक्रम पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ गाणारे लोक. गाणाऱ्या बाईच्या आवाजाखाली माझ्यासारखीच एक गिटार वाजत होती आणि एकही नाव बुडत नव्हतं! "हेच! आत्याला हेच हवंय!" प्राची ओरडली. ते वाजवणं शिकायला शिष्यवृत्ती मिळाली आणि आम्ही दोघी विमानाने मालीला, बामाको शहरात पोहोचलो. परतायचं होतं चुलतबहीण दीपिकाच्या हळदीआधी.

सोरी हे आमचे गुरुजी, आणि त्यांची बायको आवा गाणारी. तिथे गुरूला कोला नावाचं चावून खायचं फळ देऊन शिकवायची विनंती करतात. प्राचीने आपल्या रिवाजाप्रमाणे नारळ आणि सुपारी पुढे केली. आवाने सुपारी कोलासारखी सरळ दाढेखाली घातली.

"अगं, तुमच्याकडे गुरूचे दात पाडून मग शिकतात का?" ती गाल धरून हसत सुटली. सगळं अंगण हसलं. आम्ही घरच्या झालो!

शिकणं काय सुंदर होतं म्हणून सांगू! फक्त अंगठा आणि पहिलं बोट. अंगठ्याने खालचा ठेका, बोटाने वरचे सूर. तोच फेरा पुन्हा पुन्हा, झोका हलवत राहावा तसा. त्यावर मध्येच सुरांची एक सर धावत खाली येते. प्राचीला ती सर भारी आवडायची. आणि तिथेच घोटाळा झाला.

एका बाळाच्या बारशाला आवा त्याच्या पूर्वजांची नावं घेत होती. प्राचीला राहवलं नाही, तिने नावांवरच सर सोडली. सोरींनी हात पुढे करून माझ्या तारा दाबल्या.

"मुली," ते हळूच म्हणाले, "नाव घेताना आपण जमीन व्हायचं. ती दम घेईल, तेव्हा उडायचं."

प्राची रडली. पण त्यानंतर सोरींनी सांगेपर्यंत तिने नुसता फेराच वाजवला. तिथल्या कोरड्या वाऱ्याने माझं पोट चिरलं, तेव्हा सोरींनी लाकडाचा भुसा आणि सरस भरून मला सांधलं. निघताना ते म्हणाले, "आता तुझ्या आवाकडे, तुझ्या आत्याकडे जा."

आणि मग दीपिकाची हळद! मांडवात भिंतीएवढे स्पीकर. डीजेवाला घड्याळ दाखवत होता. "आत्या, एकच हां! मग आमचं!"

"त्यो डबा परत आणलास?" आत्याने माझ्याकडे डोळे वटारले.

"आत्या, तू फक्त गा गं," प्राची म्हणाली.

आत्याने धवला उचलला. प्राचीच्या अंगठ्याने हलकेच फेरा धरला. एकवीरा आई आली, गावदेवी आली, प्राचीच्या वारलेल्या आजोबांचं नाव आलं. तिचं पहिलं बोट सरीकडे ओढ घेऊ लागलं. उडावंसं वाटत होतं! मला कळत होतं ना. पण ते बोट जमिनीवरच राहिलं. एकेक नाव मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ पोहोचलं. आजोबांच्या नावाला दीपिकाच्या बाबांनी डोळे पुसले. डीजेवाल्याने घड्याळावर बाही ओढली.

आत्याने दम घेतला. मान वळवून प्राचीकडे पाहिलं.

"आता का गप? उडव ना तुजा डबा!"

आणि आम्ही उडालो, मित्रांनो! ती सर अशी काही खाली आली की करवल्यांनी टाळ्यांचा ठेकाच धरला. आत्या हसत पुढच्या नावाला लागली, तशा आम्ही पुन्हा जमीन झालो.

तेव्हा तुमच्या घरात कपाटावर माझी एखादी बहीण पडली असेल, तर आजच खाली काढा. मऊ फडक्याने पुसा, तारा लावा. आणि घरात कुणी गाणारं असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसून नीट ऐका. वाजवायचं कधी, ते तीच माणसं तुम्हाला मान वळवून सांगतील.