बीप बंद केलेली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी, फुगलेली बॅटरी आहे. आज मला गोड बोलता येणार नाही.

कारखान्यात जन्मले आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओतल्या सर्व्हरमध्ये नांदायला आले. तिथे डिस्क सांभाळणारं एक चलाख कार्ड होतं. आलेला आवाज ते आधी आपल्या झटपट स्मृतीत ठेवायचं, ‘लिहून झालं’ म्हणून मोकळं व्हायचं आणि मग सवडीने डिस्कवर उतरवायचं. मधेच वीज गेली तर ती स्मृती पुसली जाऊ नये, म्हणून मी. कितीदा वीज गेली, पण एक शब्द हरवू दिला नाही. कौतुक मात्र कार्डाच्या वेगाचं.

पुढे माझ्यातला दम संपला. कार्ड इमानाने बीप वाजवू लागलं आणि प्रत्येक आवाज थेट डिस्कवर लिहू लागलं. काम सुरक्षित, पण हळू. स्टुडिओचे मालक वैतागले. तंत्रज्ञ म्हणाला, बॅटरी बदलू, थोडा वेळ सर्व्हर बंद ठेवा. मालकांना तेवढीही सवड नव्हती.

“वीज गेली तरी यूपीएस आहे की. ती बीप बंद कर आधी.”

त्याने बीप बंद केली आणि बॅटरी असो नसो, वेगानेच लिही, असा हुकूम कार्डाला दिला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

एका दुपारी एक निवृत्त शिक्षक आपल्या गरोदर लेकीबरोबर आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया होती, त्यानंतर आवाज राहणार नव्हता. येणाऱ्या नातवंडासाठी त्यांनी थांबत थांबत एक गोष्ट सांगितली. पडद्यावर ‘झालं’ उमटलं. ‘झालं!’ म्हणत मालकांनी खुशीत पाहुण्यांसाठी चहाची किटली लावली, तीही यूपीएसच्याच सॉकेटला. भार झेपला नाही. सगळं काळोखात गेलं.

मी तो आवाज जीव तोडून धरून ठेवायला गेले. जीवच नव्हता.

वीज आली, पण फाइल उघडेना. सरांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. आधीच थकलेल्या घशातून नुसती हवा निघाली.

“आत्ता तर झालं म्हणालात ना, काका?” लेक म्हणाली. मालकांनी किटलीची वायर सॉकेटमधून उपटली.

संध्याकाळी तंत्रज्ञाने मला बदललं. त्याच किटलीत पुन्हा केलेला चहा गार व्हायच्या आत काम उरकलं. इतकंच होतं ते!

मित्रांनो, आता मी भंगाराच्या खोक्यात आहे. माझी कीव करू नका. कुणी सारखं कुरकुरत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी ते काय सांगतंय तेवढं ऐका. सरांनी गोष्ट कुठे संपवली, ते आता त्यांनाही सांगता येत नाही.