नाईन म्हणजे रम्य

समासात प्रश्नचिन्ह काढून वेलांटीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि मग त्यांचे त्यांनाच नवल वाटले. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात एकतीस वर्षे गेली होती. एवढ्या काळात त्यांनी लेखकांच्या काना-मात्रेला हात घातला होता, अर्थाला कधीच नाही.

वेलांटीबाई हे नाव मशीनवरच्या मंडळींनी पाडलेले. चुकलेली वेलांटी बाईंना दारातूनच दिसते, असे ती मंडळी म्हणत. बाईंना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

समोर होता बायबलमधल्या गावांच्या नावांचा कोश. एका निवृत्त धर्मशिक्षकांनी बारा वर्षे खपून तो लिहिला होता. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. 'अम्माऊस : ऊन पाण्याचे झरे', 'एन-गेदी : करडाचा झरा' अशी पाने सकाळपासून भराभर उलटली होती. 'न'वर गाडी अडली.

'नाईन : डोंगरउतारावरचे गाव. अर्थ : रम्य. एका विधवेच्या एकुलत्या एका मुलाची अंत्ययात्रा या गावाच्या वेशीतून बाहेर पडत असता येशूने त्याला उठवले व आईच्या स्वाधीन केले.'

बाईंचा मुलगा जाऊन दोन वर्षे होत आली होती. तेविसावे नुकते लागले होते. तापाचे निमित्त झाले आणि सहाव्या दिवशी सगळे आटोपले. नवरा त्याच्याही आधी गेलेला. आठवड्याभरात बाई पुन्हा टेबलाशी येऊन बसल्या होत्या.

मालकांनी पान पाहिले आणि सरांच्या अर्थावर प्रश्नचिन्ह कसले, असे विचारले. मग त्यांनी मजकूर नीट वाचला आणि त्यांचा आवाज उतरला. त्या पानांचा फर्मा उद्या छपाईच्या मशीनवर चढायचा होता. राहू द्या काकू, मी खोडतो, असे ते म्हणाले. बाई म्हणाल्या, नको, मीच जाऊन विचारून येते.

सर दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. भिंग लावून त्यांनी पान पाहिले आणि शिकवायच्या सवयीने खुलासा सुरू केला. मूळ भाषेत सुखद, रम्य अशा अर्थाचा एक शब्द आहे, त्यावरून हे नाव. कुणी कुरणांशीही जोडतात. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"शब्दाबद्दल नाही विचारत मी, सर. ज्याच्या वेशीतून आईला पोटच्या पोराला पोचवायला जावं लागलं, ते गाव रम्य कसं?"

"पण तो उठला ना. तिला परत मिळाला."

"तिला मिळाला," बाई म्हणाल्या.

सरांनी भिंग हळूच बाजूला ठेवले.  ते म्हणाले,

"नाव आधी पडलं हो. ज्यांनी ठेवलं त्यांनी तो उतार पाहिला असेल, खालची शेतं पाहिली असतील. पुढे त्या वेशीतून काय जायचंय, त्यांना काय ठाऊक? पण त्यांनी पाहिलं ते काही खोटं नव्हतं."

मग त्यांनी मुलाचे नाव विचारले. बाईंनी सांगितले. अर्थ सरांच्या जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला. तो बाईंनीच सांगितला.

"दीर्घ आयुष्याचा. मीच ठेवलं. घरात सगळ्यांना दुसरं हवं होतं, मी हट्टाला पेटले. तो गेल्यापासून ते नाव माझ्या तोंडून निघत नाही. वाटतं, सगळ्या जन्मात एवढी एक चूक माझ्या नजरेतून सुटली."

"चूक कसली? नाव ठेवलंत तेव्हा केवढा होता?"

"आठ दिवसांचा. माझं बोट धरलं होतं त्यानं. सोडेचना."

 सरांनी मान हलवली.

बाईंनी पदराने डोळे टिपले. अर्थापुढे 'अनिश्चित' असे घालू का, सरांनी विचारले. बाईंनी पान आपल्याकडे ओढले, रबराने प्रश्नचिन्ह पुसले आणि वरचे कण फुंकरीने उडवले.

"नको. आहे तसं राहू दे."

दुसऱ्या दिवशी फर्मा चढला. मालकांनी नजरेनेच विचारले, तेव्हा अर्थ बरोबर आहे, एवढेच त्या म्हणाल्या.

दुपारी सगळे डबे सोडून बसले होते. मशीनवाला घरच्या गळक्या नळाचे रडगाणे गात होता. बाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, आमच्या पोरानेही एकदा नळ दुरुस्त करायला घेतला होता. आणि त्यांनी मुलाचे नाव घेतले. घरी गेले की भेटेल अशा माणसाचे घ्यावे तसे, सहज.

मशीनवाल्याचा घास हातातच राहिला. त्याने मालकांकडे पाहिले, मालकांनी डब्याकडे.

"मग?" त्याने विचारले. "झाला का दुरुस्त?"

"कसला होतोय," बाई म्हणाल्या. "घरभर पाणी. आणि हा मधोमध उभा, हातात तोटी घेऊन."