दुसऱ्या अंगठ्याचं सिमकार्ड

मी सिमकार्ड बोलतोय. जीव नखाएवढा, पण आता अगदी थकून गेलोय.

मोखाड्याच्या आठवडे बाजारात नितीन छत्रीखाली बसून सिमकार्डं विकायचा. सूर्यमाळच्या पाड्यावरची हिरी लेकीसाठी, राहीसाठी, कार्ड घ्यायला आली. नाचणी लावून, दगड उचलून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. रेशनच्या यंत्रावरही तो पहिल्या खेपेला घेतला जात नाही. त्यामुळे नितीन आपल्या अंगठ्याच्या यंत्राकडे बघून "उमटला नाही, मावशी. परत लावा," म्हणाला तेव्हा तिने मुकाट्याने परत लावला. खरं तर पहिलाच उमटला होता. पहिल्यावर राहीचं कार्ड निघालं, दुसऱ्यावर मी. ती गेली आणि मी नितीनच्या खिशात राहिलो.

त्याने मला वडापावच्या भावात पुढे विकलं. हातोहात फिरत मी दूरच्या शहरात कमलेशच्या फोनमध्ये जाऊन पडलो. तो बँकेचा साहेब बनून दिवसभर लोकांना फोन करायचा. मला वाटलं, केवढा क्रूर असेल हा! पण त्याला कुणाचा रागही नव्हता. टक्केवारीवर काम, मालकाचा तगादा, आणि मधेच घरी फोन करून लेकराचा ताप विचारायचा. बहुतेक लोक शिव्या घालायचे. त्याला चालायचं. फोन फुकट, मी जवळपास फुकट, आणि अडकणार दुसराच कुणीतरी. एखादा फसला की सगळा खर्च वसूल. इतका स्वस्त धंदा कोण सोडेल?

मग एका निवृत्त बाईंची आयुष्यभराची पुंजी गेली. छापा पडला. कमलेश पळाला, मी सापडलो. माझ्यावर नाव हिरीचं.

आज मी जव्हारला फौजदारांच्या टेबलावर, प्लास्टिकच्या पिशवीत पडलोय. समोर हिरी आणि राही.

"माझ्याकडं फोनच नाय, सायब."

फौजदार भले. त्यांनी सगळं ऐकून जबाब लिहिला. "यावर तुम्ही सुटाल. इथे अंगठा लावा."

हिरीने हात पदराखाली नेला. राही म्हणाली, "सायब, दुसऱ्या अंगठ्यावर भलतंच कार्ड निघालं हे कळल्यापासनं आये रेशनलाबी दुसऱ्यांदा अंगठा लावत नाय. पयल्यांदा घेतला नाय तर तांदूळ सोडून घरला येते." मग आईकडे वळली. "लाव आये. नायतर सुटका नाय."

हिरीने लावला. शाई नुसती पसरली.

"उमटला नाही, मावशी. परत लावा."

वाचकहो, नितीनसारखं यंत्र कधी तुमच्या हाती आलं, तर पहिला अंगठा उमटल्यावर 'उमटला' म्हणून सांगा. एवढंच मागणं आहे माझं.

हिरीने मूठ मिटली. ती अजून उघडलेली नाही.